पत्र्याखालचे लाकूड

रंगकाम म्हणजे कुंचला फिरविणे, अशी आमची पुष्कळ वर्षे समजूत होती. रंगारी येतो, डबा उघडतो, हात फिरवितो आणि जुनी वस्तू नवी होते, एवढेच आम्ही पाहिले होते. त्या कुंचल्याआधी कोणीतरी कित्येक दिवस खरडत बसलेला असतो, हे आमच्या ध्यानी आले नव्हते. २०२४ च्या जानेवारीत, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ते आम्हांस शिकावे लागले. शिकविले ते आमच्या वडिलांच्या जुन्या गाडीने आणि तिच्या निमित्ताने आमच्या थोरल्या बंधूंनी. ज्यांच्या घरी असे काही जुने डागडुजीला निघाले असेल, त्यांस या हकिकतीचा थोडाबहुत उपयोग होईल, म्हणून ती लिहीत आहोत. तिच्यात आमची शोभा नाही, हे आधीच सांगून ठेवितो.

आमचे गाव खानापूर तालुक्यातले. गाडी आहे १९५१ सालची शेव्हरोले, अर्ध्या टनाच्या वर्गातली पिकअप. बॉनेटच्या बाजूस तिच्या जातीचा आकडा आहे, ३१००. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ साली बंद झाला. कारखाना गेला, पण तेथल्या गाड्या पुढे कित्येक वर्षे गावोगाव धावत राहिल्या. बाबांनी ही गाडी १९६३ साली एका लाकूड ठेकेदाराकडून जुनी म्हणून घेतली. ती आणि आम्ही एकाच सालचे. त्यामुळे घरात ‘दोघांत आधी कोण मोडतो पाहू’ अशी थट्टा चाले.

त्या गाडीचे खरे वैभव म्हणजे तिचा हौदा. आत साडेसहा फूट लांब, चार फूट दोन इंच रुंद. दोन्ही बाजूंस पत्र्याच्या भिंती, मागे साखळीने अडकविलेला फाळका आणि तळाला लाकडाच्या आठ फळ्या. हल्लीच्या गाड्यांचा तळ सबंध पत्र्याचा असतो. त्या काळी पिकअपला लाकडी तळ असे. ओझे टाकले तर लाकूड ते सोसते, आणि एखादी फळी गेलीच तर तेवढी एक बदलता येते. दर दोन फळ्यांच्या सांध्यावर पोलादाची एक लांब पट्टी असते, म्हणजे पेटी किंवा पोते तिच्यावरून सरकते आणि लाकूड खरवडत नाही.

या हौद्यातून रताळ्यांची पोती बेळगावच्या बाजारास गेली, गूळ गेला, भात गेले. गावातल्या बाळंतिणी गेल्या आणि परत येताना दोघी झाल्या. सणाच्या दिवशी बँडवाले त्यातच बसत. बाबांचा नियम एकच होता. ओझे उतरले की हौदा धुवायचा, फाळका खाली सोडून तो वाळू द्यायचा, आणि दर वर्षी मिरग लागण्यापूर्वी फळ्यांना जवसाचे तेल पाजायचे. ‘पाजायचे’ हा त्यांचाच शब्द. आम्ही दोघे भाऊ फडके घेऊन तेल चोळीत असू आणि बाबा फळीवर बोटाने टकटक करून तिचा आवाज ऐकत. घट्ट फळी खणखणते, कुजलेली बदबदते.

१९८७ च्या जुलैत बाबा गेले. पाऊस असा, की चर्चची वाट चिखलात बुडालेली. शवपेटी खांद्यावरून नेणे शक्य नव्हते, म्हणून ती याच हौद्यात ठेविली. फाळका लावूनही ती नीट बसली. दादा तेव्हा मस्कतला नोकरीस होते. तार पोचून रजा मिळेपर्यंत सगळे उरकले होते. ते आले ते तिसऱ्या दिवशी. आधी कबरीपाशी गेले, मग अंगणात येऊन हौद्यापाशी उभे राहिले आणि ‘कुठल्या बाजूला डोके होते?’ एवढेच त्यांनी विचारले. आम्ही दाखविले.

दुसऱ्या वर्षी त्यांचे पत्र आले. हौद्याच्या फळ्या मऊ झाल्याचे त्यांनी रजेत पाहिले होते. लिहिले होते : ‘बाबा ज्यात गेले तो हौदा नीट सागवानी लाकडाचा करून घे. घाई करू नकोस, पण काम पक्के कर.’ सोबत चार हजार रुपयांचा ड्राफ्ट होता.

वाचकहो, आम्ही ते काम केले नाही. सागवानाचा भाव काढला, सुताराची मजुरी विचारली, आणि ‘एवढा खर्च एका गाडीवर?’ असे मनाशी म्हटले. मग जुन्या फळ्यांवरच तीन पत्रे अंथरले, टोपीच्या खिळ्यांनी ठोकले आणि वरून हिरवा रंग दिला. सगळा खर्च साडेआठशे रुपये. उरलेल्या पैशांतून मुलाची फी भरली. बाकीचे कुठे गेले ते तेव्हाही नीट सांगता आले नसते. दादांना मात्र पत्र लिहिले : ‘हौदा नवा केला. लाकडाला मार लागू नये म्हणून वर पत्रा घातला आहे. रंग छान बसला.’ पुढल्या रजेत ते आले, पत्र्यावरून हात फिरविला, आणि आमच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘छान केलेस.’

ती थाप आम्हांस छत्तीस वर्षे पुरली.

पत्र्याने काय होते ते आता सांगितले पाहिजे, कारण खेड्यापाड्यांतून हा उपाय अजूनही सर्रास केला जातो. उघडी फळी पावसात भिजते, पण उन्हात सुकते. तिच्यावर पत्रा ठोकला की खिळ्यांच्या भोकांतून आणि कडेकडेने पाणी आत शिरते, आणि त्याला बाहेर यायला वाट राहत नाही. लाकूड ओलेच राहते, आणि ओल्या लाकडात बुरशी वाढून ते कुजते. त्या लाकडाला टेकलेला पत्राही खालून गंजतो. त्यात खताच्या गोण्या वाहिल्या की सांडलेले खत ओलावा ओढून घेते आणि लोखंड आणखी लवकर खाते. शिवाय गंज हा मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणून तो वाढला की रंग फुगतो आणि सांधे फाकतात. वरून मात्र सगळे हिरवेगार दिसते. रंगाचे पोपडे उडाले की आम्ही वरून आणखी एक हात देत असू. असे किती हात दिले त्याची गणती नाही.

दादा २००४ साली कायमचे घरी परतले. तोवर गाडी बंद पडून मागच्या कौलारू छपरात उभी होती. डिसेंबर २०२३ मध्ये नाताळच्या जेवणानंतर ते एकाएकी म्हणाले, ‘गाडीचा हौदा काढू या. आपण दोघांनी करू. आणखी थांबलो तर हात चालणार नाहीत.’

आमच्या पोटात गोळा उठला. आम्ही नाना कारणे सांगितली. जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले आहेत. पन्नास वर्षांवरील गाडीची त्याप्रमाणे ‘विंटेज’ म्हणून नोंदणी केली, तर तिने धंद्याची वाहतूक करता येत नाही. ‘ज्या हौद्यात पुन्हा पोते पडायचे नाही, त्याला सागवान कशाला? वरून घासून रंग दिला तरी पुरे,’ असे आम्ही म्हणालो. दादा हसले. म्हणाले, ‘तू घातलेले लाकूड आत असेलच की. पत्रा काढून पाहू, कडा तेवढ्या गेल्या असतील.’

येथे एक गोष्ट कबूल करितो. हे पाप आम्ही फार वर्षांपूर्वी कुम्साराच्या वेळी फादरांना सांगून टाकिले होते. त्यांनी विचारले होते, ‘भावाला सांगितलेस का?’ आम्ही म्हणालो होतो, ‘सांगतो.’ त्या ‘सांगतो’वर आम्ही निर्धास्त झोपत आलो होतो.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काम सुरू झाले. दादा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हातात पकड आणि पटाशी, बाजूला रॉकेलची वाटी. एकेक खिळा उपटून ते डब्यात टाकीत होते आणि बोलत होते. लाकूड चांगले निघाले तर नुसते रंधून घेऊ, म्हणाले. सागवान सहजी मरत नाही, म्हणाले. पहिल्या पत्र्याचे अर्धे खिळे निघाले. आम्ही दुसऱ्या बाजूने पत्रा धरून उभे होतो. आणखी दहा खिळ्यांनी तो उचलला जाणार होता, आणि मग सांगण्यासारखे काही उरणार नव्हते.

‘दादा, थांबा,’ आम्ही म्हणालो. ‘खाली नवे लाकूड नाही. जुन्याच फळ्या आहेत. तुमच्या पैशांतले साडेआठशे खर्च केले. बाकीचे मी वापरले.’

दादांनी पकड खाली ठेविली नाही. हातातला खिळा उलटसुलट करून पाहिला, डब्यात टाकला, आणि घरात निघून गेले. वहिनींनी चहा विचारलेला ऐकू आला; उत्तर ऐकू आले नाही. आम्ही अर्ध्या उचकटलेल्या पत्र्यापाशी उन्हात उभे राहिलो. अर्धा तास झाला असेल. मग ते परत आले आणि आधीच्याच जागी बसले.

‘पत्रातसुद्धा लिहिलेस,’ ते म्हणाले.

‘हो.’

‘मी ते पत्र तिथे सगळ्यांना वाचून दाखविले होते. खोलीत आम्ही सहा जण राहत होतो.’

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. बऱ्याच वेळाने त्यांनी पुढचा खिळा उपटला. संध्याकाळपर्यंत तिन्ही पत्रे निघाले. खालच्या फळ्या हाताने चुरता येत होत्या. काम आवरताना ते म्हणाले, ‘लाकडाचा सगळा पैसा तू द्यायचास. मी नको म्हणणार नाही. नको म्हणालो तर तुझे ओझे तुझ्याकडेच राहील.’ आम्ही दुसऱ्याच दिवशी बँकेत गेलो.

पुढचे काम दीड महिना चालले. ते क्रमाने सांगतो.

प्रथम हौद्याखालच्या लोखंडी आडव्या पट्ट्या. फळ्यांचा सारा भार त्यांच्यावर असतो. दोन पार गंजल्या होत्या. त्या खानापुरातून नव्या करून आणल्या आणि वेल्डिंगवाल्याकडून बसवून घेतल्या. बाकीच्या तारेच्या ब्रशाने धातू दिसेपर्यंत घासल्या. जुन्या रंगात पुष्कळदा शिसे असते आणि त्याची भुकटी, विशेषतः मुलांना, फार बाधते; म्हणून रंग कोरडा न घासता पाणी लावून घासावा, नाकातोंडावर चांगला मास्क असावा, निघालेला चिखल कागदावर गोळा करावा, आणि मुलांना अंगणाबाहेर ठेवावे. आमची नातवंडे रुसली, पण दादांनी त्यांना फाटकाच्या आत येऊ दिले नाही.

घासलेले लोखंड उघडे ठेवू नये. हवेतल्या दमटपणाने त्याच्यावर लवकरच पुन्हा तांबूस झाक येते. म्हणून जेवढे घासले तेवढ्याला त्याच दिवशी रेड ऑक्साइडचे अस्तर दिले. बाजूंच्या भिंती तळाला जेथे मिळतात त्या खाचेत गंज सर्वांत जास्त होता. तेथे नुसती लांबी भरून भागत नाही. पत्रा मेला असेल तर तेवढा कापून नवा जोडावाच लागतो. आम्ही एके ठिकाणी ‘येथे लांबी चालेल’ म्हणालो. दादांनी नुसते आमच्याकडे पाहिले. आम्ही कापायची खूण केली.

मग लाकूड. गिरणीतून चांगले वाळलेले सागवान आणले आणि पाऊण इंच जाडीच्या फळ्या करून घेतल्या. येथे एक बारकी गोष्ट आहे, ती आम्हांस दादांनी दाखविली. लाकूड लांबीने फारसे वाढत नाही, पण पावसाळ्यात रुंदीने फुगते आणि उन्हाळ्यात आखडते. म्हणून मूळ कारागिराने फळीच्या मधोमध कोठेही खिळा मारलेला नव्हता. दोन फळ्यांमध्ये थोडी फट ठेवायची, फळ्यांच्या कडांना खाच पाडून तिच्यावर पोलादी पट्टी बसवायची, आणि चौकोनी मानेचे बोल्ट त्या फटीतून खालच्या आडव्या पट्टीत आवळायचे. पट्टी फळीला कडेने दाबून धरते, पण जखडून ठेवीत नाही. बोल्टाची चौकोनी मान पट्टीच्या चौकोनी भोकात बसते, त्यामुळे खालून चाकी आवळताना बोल्ट फिरत नाही. असे शहाणे काम ज्याने केले, त्याच्यावर आम्ही टोपीचे खिळे ठोकले होते.

फळ्या बसविण्यापूर्वी त्यांच्या सहाही बाजूंना तेल दिले. टोकांना तर दोनदा, कारण लाकूड पाणी पिते ते टोकाने. आम्हांस वाटले होते, कारखान्यात असे तसे फळ्यांनाही काळा रंग द्यावा. दादा म्हणाले, ‘रंग लोखंडाला. लाकडाला तेलच. लाकूड कुजायला लागले तर ते दिसले पाहिजे.’ तेलाबद्दल एक इशारा देऊन ठेवितो : जवसाच्या तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ते वाळताना आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. फडके बाहेर पसरून वाळवावे, किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

शेवटी रंग. त्या वर्षांत या गाड्यांचा ठरीव रंग गडद हिरवा होता, रानाच्या हिरव्यासारखा. तोच मिळवून आणला. अंगणात आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून धूळ बसविली. सकाळी दव सुकल्यावर काम सुरू केले, कारण दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात बरे. आणि प्रत्येक हात पुरा वाळल्यावर बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून हलकेच घासायचा, की पुढचा हात धरून राहतो. आम्ही दोघांनी मिळून घासले. पाण्याचा डबा मध्ये, एका बाजूस ते, एका बाजूस आम्ही. त्या दिवसांत त्या जुन्या गोष्टीविषयी एक शब्दही निघाला नाही. पण पूर्वीही आम्ही एकमेकांशी फार बोलत नव्हतो; तेव्हाच्या आणि आताच्या मुकेपणात अंतर होते. पूर्वी शांतता झाली की आम्ही घाईने दुसरा विषय काढीत असू. आता तशी घाई वाटेना.

जुन्या आठ फळ्यांपैकी सात चुलीच्याही कामाच्या उरल्या नव्हत्या. मधल्या एका फळीचा ड्रायव्हरच्या खोलीकडचा हातभर भाग तेवढा घट्ट निघाला. दादांनी त्यावर बाबांसारखी बोटाने टकटक केली, आणि काही न बोलता तो तुकडा बाजूला ठेविला. बाबांचे डोके त्याच बाजूस होते. नव्या फळ्या बसविताना त्यांनी मधली फळी तेवढी आखूड कापली, जुना तुकडा रंधून तेथे बसविला, आणि सांधा खालच्या आडव्या पट्टीवर येईल असे मोजून घेतले. जाडीत थोडा कमी पडला, म्हणून खाली सागवानाची पातळ पट्टी दिली. तो तुकडा काळपट आहे, बाकीच्या फळ्या पिवळसर. पाहणारे हटकून विचारतात, हा डाग कसला. दादा सांगतात, तो डाग नाही, ते जुने लाकूड आहे. पुढचे कोणी विचारले, तर ते आमच्याकडे बोट करितात. आणि आम्ही सगळे सांगतो.

फाळक्यावर कंपनीच्या नावाची नऊ इंग्रजी अक्षरे पत्र्यातच उठविलेली आहेत. ती बारीक कुंचल्याने पांढरी करायची होती. दादांचा हात थोडा कापतो. तरी त्यांनी आठ अक्षरे रंगविली आणि नववे आमच्यासाठी ठेविले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्यापूर्वी, आम्ही दोघांनी फळ्यांना पुन्हा तेल पाजले. छपरात बाजूस डब्यात ते जुने टोपीचे खिळे अजून आहेत. दादांनी ते टाकू दिले नाहीत. ‘राहू दे,’ म्हणाले, ‘दुसऱ्या कशाला तरी लागतील.’ फाळका खाली सोडला, फडकी कुंपणावर वेगवेगळी पसरली, आणि तेल मुरेपर्यंत आम्ही दोघे हौद्याच्या काठावर पाय सोडून बसून राहिलो.